कडेचं प्यादं, एक घर

आयुष्यात निदान एक तरी गोष्ट अशी असावी की तिच्यात दुसऱ्या कोणी नाक खुपसू नये, एवढीच पट्टीकाकांची माफक इच्छा होती. ती त्यांनी मनातल्या मनात ठेवली असती, तर पुढचा सगळा घोळ टळला असता. पण त्यांनी ती टपालात टाकली.

पट्टीकाका पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. पाइप कुठून न्यायचा हे इंजिनियर ठरवत, कुठून न्यायचा नाही हे पुढारी ठरवत, आणि दोघांचं एकमत होईपर्यंत पट्टीकाका एकच रेघ पुन्हा पुन्हा खोडून पुन्हा पुन्हा काढत. घरातही फार वेगळं नव्हतं. पडद्यांचा रंग काकूंनी ठरवला होता, मुलीने कुठल्या कॉलेजात जायचं ते मुलीने, आणि पट्टीकाकांचे शर्ट त्यांची मेहुणी आणायची. तिला त्यांना पिस्ता रंग खुलतो असं वाटायचं. पट्टीकाकांना काय वाटतं, हे विचारायचं सगळ्यांच्या मनात होतं, पण कामाच्या गडबडीत राहून जायचं.

म्हणून त्यांनी टपाली बुद्धिबळ मंडळात नाव घातलं. यात समोरचा माणूस समोर नसतो, दुसऱ्या गावात असतो. तुम्ही आपली खेळी कार्डावर लिहून पाठवायची, त्याने ती आपल्या पटावर मांडायची, विचार करून उलट कार्ड धाडायचं. मंडळाच्या नियमांतलं पहिलंच कलम पट्टीकाकांना फार आवडलं. 'प्रत्येक खेळाडूने खेळी स्वतःच्याच डोक्याने करावी.' असा हुकूम त्यांना आजवर कोणी दिला नव्हता. त्यांनी कलमाखाली लाल शाईने रेघ मारली, आणि ही रेघ मात्र कोणी खोडायला लावली नाही.

पांढऱ्या सोंगट्या प्रतिस्पर्ध्याकडे आल्या, म्हणजे पहिली खेळी त्याची. एके दिवशी पोस्टमनने खालूनच, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा पुकारा केला, "पट्टीकाका! त्यांनी कडेचं प्यादं एक घर सरकवलंय हो!"

उघडं कार्ड वाचू नये असा नियम असेलही, पण त्या पोस्टमनला जिने चढायचा कंटाळा होता आणि बातमी सांगायची हौस होती. पट्टीकाका धावत खाली गेले. कार्ड टाइप केलेलं होतं. सहीच्या जागी नुसतं एक आद्याक्षर. आणि खेळी खरोखरच तीच, हत्तीपुढचं कडेचं प्यादं, एक घर.

आता ज्याला बुद्धिबळ येत नाही त्यालाही सांगता येईल की डावाची सुरुवात अशी कोणी करत नाही. लोक मधली प्यादी पुढे काढतात, मधली जागा बळकावतात. कडेचं प्यादं एक घर सरकवणं म्हणजे लढाईला निघालेल्या सेनापतीने आधी परसातली बादली जरा बाजूला ठेवण्यापैकी होतं. असं का केलं असेल? पट्टीकाकांना या प्रश्नाने जे धरलं ते धरलंच.

त्यांनी जेवायच्या टेबलावर पट मांडला. काकूंनी भाजीचं पातेलं हातात धरून विचारलं, "टेबल जेवायला मिळेल का?"

"अगं, डाव मांडलाय."

"मग ताटं कुठे मांडू? हत्तीवर?"

त्या दिवसापासून घर ओट्याशी उभं राहून जेवू लागलं. पट्टीकाका वाचनालयात गेले. ग्रंथपालांनी शिडी लावून वरच्या फळीवरचं सुरुवातींवरचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. त्यात मधल्या प्याद्यांना प्रकरणंच्या प्रकरणं होती, कडेच्या प्याद्याला तळाशी बारीक अक्षरात एक टीप. 'ही खेळी सहसा कोणी करत नाही.' म्हणजे जे पट्टीकाकांना कळत नव्हतं ते पुस्तकालाही कळत नव्हतं. त्यांचा उत्साह दुणावला. ऑफिसातून आणलेल्या ट्रेसिंग पेपरवर त्यांनी त्या प्याद्याचा पुढचा सगळा संभाव्य प्रवास निळ्या रेघांनी काढला, वळणावर बाण दाखवले, आणि सवयीने दोन ठिकाणी व्हॉल्व्हही काढले.

पण उत्तर तर द्यायला हवं होतं. ते द्यायच्या आधीच वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मास्क हनुवटीवर ओढून खाली आले. पोस्टमनचा पुकारा त्यांनी पेशंटच्या तोंडात हात असताना ऐकला होता.

"घोडा काढा," डॉक्टर म्हणाले.

"पण मी म्हणत होतो, थोडा अभ्यास करून..."

"अभ्यास कसला? आत ठेवला तर आतल्या आत सडतो. उजवीकडचा काढा."

डॉक्टरांचं सगळ्याच बाबतीत 'काढा' हेच मत असायचं, हे पट्टीकाकांना ठाऊक होतं. पण त्यांच्या वरच्या दाढेचं काम डॉक्टरांकडे अर्धवट होतं. आपली दाढ ज्याच्या हातात आहे त्याच्याशी वाद घालणारा माणूस शूर असेल, शहाणा नव्हे. पट्टीकाकांनी उजवीकडचा घोडा बाहेर काढला, आणि कार्डावर लिहिताना ती आपलीच कल्पना असल्यासारखा चेहरा केला.

पुढचं कार्ड आलं. समोरच्याने आणखी एक प्यादं एकच घर पुढे घेतलं होतं. या वेळी शेजारचे विमावाले आले. "घोडा एकटा आहे हो," ते पटाकडे बघून हळहळले. "उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर मागे कोण आहे? इकडे एक प्यादं द्या. त्या प्याद्याला दुसरं द्या." विमावाले आले की त्यांना 'हो' म्हटल्याशिवाय ते उठत नाहीत, हा सगळ्या इमारतीचा अनुभव. पट्टीकाकांनी प्यादं दिलं, पुढच्या कार्डाला त्याला दुसरंही दिलं.

मग काकू. काकूंना सोंगट्यांच्या चाली येत नव्हत्या, पण उभ्याने जेवता जेवता त्यांनी नियम ऐकून ऐकून उचलले होते. "अहो, हा राजा किती दिवस असा मधोमध उभा ठेवणार? वाऱ्यात उभा आहे बिचारा. त्याला आत घ्या. ते काय म्हणता तुम्ही, किल्लेकोट, तो करा."

"अजून वेळ आहे त्याला."

"वेळ आहे म्हणता म्हणता गिझर गेला होता," काकू म्हणाल्या. मग काकूंच्याच हुकुमावरून पुढच्या दोन कार्डांत वाटेतला दुसरा घोडा आणि उंट बाजूला झाले, आणि राजा मुकाट्याने आत गेला.

इथवर येईतो गोष्ट घराबाहेर गेली होती. ग्रंथपाल एकदा पट्टीकाकांना म्हणाले, "एवढा अभ्यास केलाय तर व्याख्यान द्या ना. मधमाश्यांवर बोलायला एक गृहस्थ येणार होते, पण त्यांना मधमाशी चावली." पट्टीकाकांना कोणी बोलायला सांगितलं याचंच इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी होकार दिला. विषय ठरला, 'एका अज्ञात सुरुवातीचं रहस्य.' श्रोत्यांत डॉक्टर होते, विमावाले होते, काकू होत्या, आणि वर्तमानपत्र त्याच खोलीत असल्यामुळे आलेले एक आजोबा होते. पट्टीकाकांनी निळ्या रेघांचा नकाशा भिंतीवर टांगला आणि जीव तोडून बोलले. त्या प्याद्यामागे दूरचा हल्ला असू शकतो, बचाव असू शकतो, किंवा शत्रूला बुचकळ्यात टाकण्याचा कावा असू शकतो. शेवटी त्यांनी "काही शंका?" असं विचारलं.

आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "ते सगळं ठीक आहे. पण त्याने ते प्यादं सरकवलं कशासाठी?"

"तेच तर रहस्य आहे."

"मग त्यालाच विचारा की," आजोबा म्हणाले आणि वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं.

काही माणसं दुसऱ्याच्या तपश्चर्येवर असं पाणी ओततात आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही. पट्टीकाका नकाशाची सुरळी करून घरी आले आणि त्या दिवशी ओट्याशी उभं राहूनही जेवले नाहीत.

पण खरा घाव पुढे बसायचा होता. पोस्टमनच्या पुकाऱ्याने दुपारची झोप मोडते अशी तळमजल्यावरून तक्रार आली, आणि इमारतीच्या सेक्रेटरींनी ती बैठकीत घेतली. सेक्रेटरी म्हणजे नियमाने वागणारा माणूस. गच्चीवर कबुतर बसलं तरी ते आधी टिपणात घेत, मग हाकलत. चर्चा सुरू झाली झोपेवरून, आणि पाहता पाहता आली डावावर. डाव आता एका घराचा राहिलेला नाही, इमारतीच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, असं विमावाल्यांनी मांडलं. डॉक्टरांनी अनुमोदन दिलं. पुढच्या खेळ्या ठरवायला एक उपसमिती नेमली गेली. डॉक्टर, विमावाले आणि स्वतः सेक्रेटरी. पट्टीकाकांना विशेष निमंत्रित म्हणून घेण्यात आलं.

"म्हणजे काय?" पट्टीकाकांनी विचारलं.

"तुम्ही बसू शकता," सेक्रेटरी म्हणाले. "मत देता येणार नाही."

पट्टीकाका बसले. पण ते मनातून फार दुखावले. स्वतःच्या डावात आपण पाहुणे झालो, हे त्यांना घशाखाली उतरेना. त्यात उपसमिती बसेना. डॉक्टर मोकळे असत तेव्हा विमावाले गिऱ्हाइकाकडे, आणि दोघे असत तेव्हा सेक्रेटरी म्हणत की रीतसर नोटीस निघालेली नाही. इकडे मंडळाच्या नियमाप्रमाणे उत्तराची मुदत भरत आली.

जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसातली सगळी मंडळी चहाला गेली असताना, पट्टीकाकांनी नकाशाच्या फळीवर खिशातला छोटा पट उघडला. एकेक सोंगटी बोटाने दाखवत स्वतःशीच हिशेब केला. हा घोडा डॉक्टरांचा. ही दोन प्यादी विमावाल्यांची. राजा बायकोने आत नेला. मग यात माझं काय आहे? त्यांना काहीच सापडेना. त्यांना भयंकर राग आला. राग आला की माणसं आरडाओरडा करतात, पट्टीकाका खोडतात. त्यांनी डॉक्टरांचा घोडा उचलला आणि जिथून निघाला होता त्याच घरात परत नेऊन ठेवला. तशी खेळी कार्डावर लिहिली आणि जाऊन पेटीत टाकली.

कार्ड पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज झाला आणि त्यांचा राग उतरला. बाहेर काढलेला घोडा विनाकारण परत घरी? सुरुवातीलाच? शेंबडं पोरही असं खेळणार नाही. ते तसेच टपाल कचेरीच्या खिडकीशी गेले.

"पेटीत चुकून एक कार्ड पडलंय माझं. परत मिळेल का?"

"तुमचंच कशावरून?" आतला कारकून म्हणाला.

"माझं अक्षर आहे."

"अक्षर म्हणजे ओळखपत्र नव्हे. तुमच्याच नावाने कोणाचं आलं असतं तर दिलं असतं. हे तुम्ही दुसऱ्याला लिहिलंय, म्हणजे आता ते त्याचं." मग न राहवून त्याने विचारलं, "लिहिलंय काय एवढं त्यात?"

"घोडा मागे घेतला, असं."

"आणि आता तेही मागे घ्यायचंय?" असं विचारून कारकुनाने खिडकी लावली.

इमारतीत बातमी फुटली तेव्हा जो गहजब झाला तो विचारू नका. सेक्रेटरींनी 'उपसमितीला विश्वासात न घेता' असं टिपण केलं. विमावाल्यांनी नुसतीच मान हलवली. डॉक्टरांना सगळ्यांत जास्त लागलं. "मी काढलेला घोडा परत आत घातलात? बत्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी काढलेली एक गोष्ट परत आत गेलेली नाही!" पट्टीकाकांची दाढ या प्रसंगी ठणकू लागली, पण वर जायची सोय उरली नव्हती.

आणि त्यानंतर कार्ड येणं बंद झालं. पोस्टमन यायचा, जिन्याखाली थांबायचा, "आज पण नाही हो," म्हणायचा आणि जायचा. "समोरचा हसून हसून आडवा झाला असेल," डॉक्टर म्हणाले. मुदत उलटली तर डाव पट्टीकाकांनी जिंकला असं धरलं जाणार होतं, आणि विमावाले त्यावर खूश होते. पट्टीकाकांना मात्र असला विजय नको होता. समोरच्या माणसाला काय झालं असेल? आणि ते प्यादं त्याने का सरकवलं होतं? तो न सांगताच गेला तर? त्यांना आजोबांचं वाक्य सारखं आठवू लागलं.

योगायोग म्हणा, नाहीतर पट्टीकाकांनी साहेबांच्या टेबलाशी घातलेल्या फेऱ्या म्हणा, प्रतिस्पर्ध्याच्याच गावच्या जुन्या टाकीचा नकाशा उतरवून आणायचं काम निघालं. टाकीचं काम उरकून पट्टीकाका कार्डावरच्या पत्त्यावर गेले आणि बेल दाबली.

दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. केस पांढरे, चष्मा कपाळावर. पट्टीकाकांनी आपण कोण ते सांगितलं. ते आजवर त्या आद्याक्षरामागे मिशाळ, जाड भुवयांचा, कावेबाज पुरुष बघत आले होते.

"अगबाई, तुम्ही होय!" बाई म्हणाल्या. "या, आत या."

आतल्या खोलीच्या दाराशी दोघं थांबली. "तुम्ही व्हा पुढे," पट्टीकाका म्हणाले. "छे, तुम्ही पाहुणे, तुम्ही आधी," बाई म्हणाल्या. "नाही नाही, तुमचं घर." "अहो, म्हणूनच तुम्ही." असं बराच वेळ झाल्यावर दोघंही एकदमच निघाली आणि चौकटीत अडकली.

आत खिडकीजवळ पट मांडलेला होता. त्यावर धूळ नव्हती. पट्टीकाकांना एकदम हायसं वाटलं.

"डावाविषयी बोलू नये असा नियम आहे," ते म्हणाले, "पण झालेल्या खेळीबद्दल विचारलं तर चालेल का? तुमची पहिली खेळी. ते कडेचं प्यादं. का सरकवलंत?"

"ते होय?" बाई हसल्या. "पहिली खेळी माझी होती ना. म्हटलं, माणूस ओळखीचा नाही, पाळखीचा नाही, एकदम मधोमध घुसायचं म्हणजे बरं दिसत नाही. म्हणून कडेचं जरासं हलवलं. म्हणजे आपलं, तुम्ही करा सुरुवात, असं."

"एवढंच?"

"एवढंच."

पट्टीकाकांना भिंतीवरचा नकाशा आठवला, त्यातले व्हॉल्व्ह आठवले. "मी त्यावर व्याख्यान दिलं," ते हळूच म्हणाले. बाई इतक्या हसल्या की चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"आता मी विचारू?" चष्मा पुसत त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे बरीच मंडळी आहेत, हो ना?"

पट्टीकाकांचं तोंड उतरलं.

"मी कोर्टात टायपिस्ट होते. साक्षीदार पढवलेलं बोलतोय की स्वतःचं, ते टाइप करता करता कळायला लागतं. तुमच्याकडे एकजण आहेत, ते काहीही दिसलं की बाहेर ओढतात. एक फार घाबरट आहेत. आणि राजाला आत नेलं ते एका बाईंनी."

"बाईंनी कशावरून?"

"पुरुषाने त्याला अजून चार दिवस तसाच उभा ठेवला असता." त्या पटावर वाकल्या. "मंडळाला कळवणार होते मी. नियम म्हणजे नियम. पण तेवढ्यात हा घोडा परत गेला. आणि मी थांबले. हे तर कोणी पढवलेलं नाही. असं कोण शिकवेल? तेव्हापासून रोज बघतेय आणि काय उत्तर द्यावं ते सुचत नाही. तुम्ही काहीच केलं नाहीत, त्यामुळे आता सगळं मलाच करायला लागणार. काहीही हलवलं तरी माझंच काहीतरी उघडं पडतं." त्यांनी वर पाहिलं. "हा घोडा कोणाचा?"

"माझा," पट्टीकाका म्हणाले. "तेवढाच माझा."

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या. "म्हटलं, त्या घरात कोणीतरी एक माणूस गप्प बसलेला आहे."

इतक्या वर्षांत पट्टीकाकांकडे नीट बघितलं ते एका परगावच्या बाईंनी, आणि तेही त्यांना न बघता. त्यांचे डोळे भरून आले. मग चहा आला, आणि कप आधी कोणी उचलायचा यावरून तो थोडा निवला. निघताना बाई दारापर्यंत आल्या. "यापुढे तुमची एकट्याची खेळी आली तर मला कळेल," त्या म्हणाल्या. "आणि दुसऱ्या कोणाची आली तर तेही."

पट्टीकाका परत आले त्यानंतर थोड्याच दिवसांनी जिन्यात पुकारा झाला, "पट्टीकाका! आलं हो, आलं! त्यांनी दुसऱ्या बाजूचं कडेचं प्यादं एक घर सरकवलं!"

इमारत धावली. डॉक्टर मास्कसकट, विमावाले बॅगेसकट, सेक्रेटरी टिपणवहीसकट. "नक्की कावा आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही बाजूंनी घेरणार. ताबडतोब काहीतरी काढा." विमावाल्यांनी दोन्ही कडांना एकेक आधार सुचवला. सेक्रेटरी म्हणाले की आधी कोरमसाठी माणसं मोजू.

पट्टीकाका कार्डाकडे बघून हसत होते. तुम्ही आधी, असं त्यात लिहिलेलं त्यांना स्पष्ट दिसत होतं. ते काही समजावून सांगायला तोंड उघडणार तोच मागून काकू आल्या. घोडा मागे गेला त्या दिवसापासून काकू नवऱ्याकडे अधूनमधून टक लावून बघत असत. गेली कित्येक वर्षं आपल्या घरात असलेल्या या माणसाने विचारल्याशिवाय काहीतरी केलं, हे काय असावं, अशा कुतूहलाने.

"सगळ्यांनी जरा बाहेर थांबा," काकू म्हणाल्या.

"पण वहिनी, उपसमिती..."

"उपसमिती जिन्यात बसवा." त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि टेबलापलीकडची खुर्ची ओढून बसल्या. "हं. आता कोणी नाही. तुम्हाला काय वाटतं?"

पट्टीकाकांनी पटाकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं. मग पुन्हा पटाकडे. दाराबाहेर डॉक्टरांचा खोकला ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी हात पुढे केला, उजवीकडचा घोडा उचलला आणि बाहेर काढून ठेवला.

काकूंनी मान वाकडी करून पाहिलं. "अहो, हा आधी इथेच तर होता ना?"

"इथेच होता."

"मग मधे आत कशाला नेलात?"

"तेव्हा तो डॉक्टरांनी काढला होता," पट्टीकाका कार्डावर पत्ता लिहीत म्हणाले. "आता मी काढलाय."

काकूंनी घोड्याकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. "दिसतो तर तसाच," त्या म्हणाल्या, आणि कार्ड नीट लिहून होईपर्यंत त्यांनी दार उघडलं नाही.